वरणावरचं पाणी

कुकर उघडला की डाळीच्या भांड्यात दोन थर दिसतात. तळाशी शिजून मऊ झालेली डाळ आणि वर पिवळसर, नितळ पाणी. बाळ सहा महिन्यांचं झालं की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत त्याच्या वाटीत हे वरचं पाणी जातं. चिमूटभर मीठ, दोन थेंब तूप, कधी हिंग. "डाळ जड पडेल गं त्याला, आधी नुसतं पाणीच दे," असं आजी सांगते. बाळही ते गटागटा पितं, कारण ते दुधासारखंच गिळता येतं. सगळे खूश होतात. डाळ मात्र मोठ्यांच्या पानात जाते.

या प्रकरणाचा बराचसा रोख त्या वाटीवर आहे. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. शिजल्यावरही यातलं बहुतेक सगळं डाळीतच, म्हणजे तळाशी राहतं. वरच्या पाण्यात थोडे क्षार, थोडं पिठूळपण आणि हळदीचा रंग उतरतो. तापातून उठलेल्या मोठ्या माणसाला ते बरं वाटेल, पण वाढतं बाळ त्यावर पोसलं जात नाही. शिवाय बाळाचं पोट लहान. त्यात मावेल ते वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलिलिटर धरतात. सात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे दोनशे मिलिलिटर, आपल्या आमटीच्या वाटीहून जरा मोठं. त्यात वाटीभर पाणी गेलं की आईच्या दुधाला जागा उरत नाही. दर शंभर मिलिलिटरला ६५-७० उष्मांक देणारं दूध बाहेर आणि पिवळं पाणी आत, असा हा उलटा व्यवहार.

जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेला हिशेब इथे उपयोगी पडतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६१५ उष्मांक लागतात. आपल्यासारख्या देशांत आईच्या दुधातून सरासरी ४१३ मिळतात, म्हणजे दोनशे बाहेरून यायला हवेत. नऊ ते अकरा महिन्यांत गरज ६८६ वर जाते, दूध ३७९ देतं आणि तीनशेची उणीव पडते. वर्षानंतर गरज ८९४, दुधातून ३४६, उणीव साडेपाचशे. दुधाचा आकडा फारसा घसरत नाही हे यातलं पाहण्यासारखं. वाढते ती भूक, आणि ती वाढच अन्नाने भरून काढायची असते. त्यामुळे सहाव्या महिन्यात दूध तोडायचा प्रश्नच येत नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ते चालू राहू शकतं, राहावं. वरचं खाणं हे नावाप्रमाणे दुधाच्या वरचं, म्हणजे दुधाला जोड म्हणून.

आता एवढ्याशा पोटात, दोन-तीन वेळच्या खाण्यात, हे दोनशे उष्मांक बसवायचे तर दर ग्रॅम अन्नात किमान ०.८ उष्मांक असावेत, असा अंदाज तज्ज्ञ देतात. पेज, डाळीचं पाणी, भाज्यांचं सूप, सफरचंदाचा पातळ रस या कसोटीला उतरत नाहीत. उतरतं ते खिमट.

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुवून फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचे. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तांदूळ फुलून पांढरे होईपर्यंत आणि डाळीचा खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे. गार झाले की मिक्सरमधून बारीक रव्यासारखे काढायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. पोह्याचे दोन भरलेले चमचे, म्हणजे सुमारे वीस ग्रॅम खिमट वाटीभर पाण्यात गुठळी होऊ न देता कालवायचं, किसलेलं गाजर किंवा दुधी घालायचा आणि ढवळत शिजवायचं. पाणी आटून ते चमच्याला धरायला लागलं की उतरवून वर एक चहाचा चमचा साजूक तूप. वीस ग्रॅम पिठाचे सत्तर उष्मांक, तुपाचे चाळीस-पंचेचाळीस. वाटीत झाले एकशे पंधरा. तज्ज्ञांचं ०.८ आपोआप साधलं. तांदळात जे एक अमिनो आम्ल कमी पडतं, लायसिन, ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात. ही जोडी ज्यांनी पहिल्यांदा जमवली त्यांना अमिनो आम्लं ठाऊक नव्हती, पण पोरं वाढताना दिसत होती.

खिमट नीट झालं का, हे बघायला काटा लागत नाही. चमचा भरा आणि हळूच तिरका करा. झरझर ओघळलं तर पातळ आहे. चमच्यात टिकून राहिलं आणि हलवल्यावर सावकाश सरकलं की झालं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी. आठवा महिना संपेपर्यंत असं अर्धी-पाऊण वाटी दिवसातून तीनदा गेलं की दोनशेचा हिशेब जुळतो.

दाट शिजवलं तर बाळाला गिळता येत नाही आणि सैल केलं तर सत्त्व जातं, ही अडचण खरी आहे. त्यावर मोड आणणं हा जुना तोडगा. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. मोडाच्या नाचणीचं किंवा गव्हाचं चमचाभर पीठ गरम, घट्ट लापशीत कालवलं की ती काही मिनिटांत सैल पडते, पाणी न घालता. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी यावर बरंच काम केलं. आपल्या आज्या नाचणीला मोड आणत होत्याच. त्यामागचं कारण बडोद्यात मोजलं गेलं.

मात्र नाचणीच्या सत्त्वाबद्दल माझी एक तक्रार आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ तिच्या पासंगालाही पुरत नाही. पण हे कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. सत्त्व काढताना आपण नाचणी भिजवतो, वाटतो, मलमलच्या फडक्यातून गाळतो आणि उरलेला चोथा टाकून देतो. जे खाली बसतं ते पांढरं, मऊ, दिसायला देखणं आणि प्रामुख्याने पिष्ट असतं. ठाण्याच्या राम मारुती रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर सत्त्वाची सुबक पाकिटं घेण्यापेक्षा नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून, सालीसकट दळून बारीक चाळणीने चाळलेलं पीठ बाळाच्या जास्त उपयोगाचं. रंग तपकिरी येतो, एवढंच.

सहावा महिनाच का, हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एका बाजूला "चौथ्यातच सुरू करू, बाळ आपल्या ताटाकडे बघतं", दुसऱ्या बाजूला "मुहूर्त नाही, आठव्यात उष्टावण करू". गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला. जागतिक आरोग्य परिषद २००१ मध्ये त्याच आकड्यावर आली. त्याआधी चार ते सहा महिने असा मोघम सल्ला असे. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, म्हणजे पाचव्यात किंवा सातव्यात, या प्रथेला मात्र शरीराचा काही आधार नाही. मुलीचं आतडं मुलाच्या महिनाभर आधी तयार होत नाही आणि नंतरही नाही. बघायचं ते वेगळं: मान ताठ धरतं का, आधाराने बसतं का, चमचा ओठाला लागल्यावर जिभेने अन्न बाहेर लोटणं कमी झालं आहे का. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटायचा सोहळा सोयीच्या रविवारी खुशाल करावा. खिमट त्याच्यासाठी थांबवू नये.

याच काळात आईच्या पोटातून आणलेली लोहाची शिदोरी संपत येते, आणि दुधात लोह फार कमी असतं. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाच्या लोहाच्या गरजेतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा वरच्या खाण्यातून यावा लागतो. दूध कितीही उत्तम असलं तरी तिथे ते हात टेकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५८.६ होता. त्याच पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्केच बाळांना आईच्या दुधाबरोबर घन किंवा अर्धघन अन्न मिळत होतं, आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के. खात्यापित्या घरांतलं चित्रही फार निराळं नाही. ज्या घरात फ्रीज भरलेला आहे तिथेही बाळाच्या वाटीत पाणी असू शकतं.

कल्याण-डोंबिवलीत या सगळ्याला लोकल गाडीचं वेळापत्रक येऊन भिडतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे बरोबर वरचं खाणं सुरू व्हायची वेळ. पण त्यातली आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते, आणि कल्याणहून रोज गर्दीत लटकत जाणारी गरोदर बाई ती घेतेच. मग मागे उरतात अठरा आठवडे. बाळ चार महिन्यांचं झालं की आई पुन्हा फलाटावर. "चौथ्यातच सुरू करू" या आग्रहामागे बऱ्याचदा हे गणित असतं, अडाणीपणा नसतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही कायदा म्हणतो. नरिमन पॉइंटच्या कचेरीत ते असेल, पण सकाळच्या गाडीत सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन डोंबिवलीहून तिथवर कोण जाणार? कायदा करणाऱ्यांनी कचेरी आणि घर यांतलं अंतर धरलेलंच नाही.

तेव्हा बाळ राहतं आजीकडे किंवा शेजारच्या इमारतीतल्या पाळणाघरात. दूध काढून ठेवता येतं. ते शिळं होतं, अंगी लागत नाही, हा समज आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती काढलेलं दूध नीट राखता येतं याच भरवशावर. २५ अंश तापमानाला आईचं दूध चार तास चांगलं राहतं. पण डोंबिवलीच्या मे महिन्यात दुपारी २५ अंश म्हणजे स्वप्नच, म्हणून ते थेट फ्रीजमध्ये ठेवावं. तिथे चार दिवस टिकतं. कचेरीत काढलेलं बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून घरी येतं. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. पूर्वी घरोघरी असायचं ते चोच असलेलं चांदीचं किंवा पितळेचं बोंडलं आता स्टीलचं मिळतं आणि बाटलीपेक्षा कितीतरी सहज धुऊन निघतं. आई घरी असते ते तास, म्हणजे रात्र आणि पहाट, थेट अंगावर पाजायला आहेतच. चार महिन्यांचं बाळ असेल तर एवढ्यावर सहावा महिना गाठता येतो.

खरी काळजी डब्याची. पहाटे साडेपाचला शिजवलेला मऊ भात स्टीलच्या डब्यात भरून पाळणाघरात पोचतो आणि बाळाच्या तोंडी दुपारी एकला लागतो. १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात, केनेबा नावाच्या गावी ब्रिटिश संशोधकांनी बाळांची लापशी तासातासाने तपासली. शिजवल्या शिजवल्या ती बरीचशी निर्धोक होती. जसजसे तास गेले तसतसे जिवाणू वाढत गेले आणि पावसाळ्यात तर फारच. खायला घालावं तर जुलाब, न घालावं तर उपासमार, अशी ती कोंडी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा तशीच दमट असते. म्हणून शिजवलेल्या अन्नापेक्षा खिमटाचा कोरडा डबा पाळणाघरात ठेवावा आणि सांगावं, "काकू, एक वाजता दोन चमचे यातलं शिजवा, आणि तुमच्या वरणातली खालची डाळ घाला हं, फोडणी द्यायच्या आधीची." केळं आणि चिकू स्वतःच्या सालीतच सुरक्षित असतात, घोलवडचा पिकलेला चिकू चमच्याने कुस्करायलाही लागत नाही. अंडं पाळणाघरात न उकडताच पाठवावं आणि तिथे दहा-बारा मिनिटं नीट उकडून घ्यायला सांगावं. एक महत्त्वाचं: काकूंच्या हाताला साबण लागला पाहिजे. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगावं.

याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, आईच्या कामाची वेळ निराळ्या रीतीने आड येते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ऑक्टोबरात चार महिन्यांचं असलेलं बाळ डिसेंबरात भट्टीवर सहा महिन्यांचं होतं. गावची अंगणवाडी मागे राहिलेली, आई विटा थापण्यात. दिवसातून चार वेळा भरवणं तिलाही जमत नाही आणि सीएसएमटीला जाणाऱ्या बाईलाही नाही. पगारात जमीन-अस्मानाचं अंतर, पण बाळाच्या बाजूने पाहिलं तर अडचण तीच. जेव्हा भरवायच्या वेळा कमी असतात तेव्हा घास जास्त दाट, जास्त स्निग्ध हवा. भट्टीवरच्या बाळाला भातात कालवलेली डाळ आणि चमचाभर गोडं तेल हे तुपाइतकंच काम करतं, कारण उष्मांकांच्या हिशेबात तेल तुपाहून तसूभरही कमी नाही.

यावर याच भूमीत मोठं काम झालेलं आहे. डहाणू तालुक्यातलं कासा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्यांकडून मुलांची वजनं घरोघरी घेतली, वाढीचे तक्ते आयांच्या घरातच ठेवले आणि कुपोषित मुलांना शक्य तिथे घरच्याच अन्नावर सुधारायचा मार्ग धरला. इस्पितळातून सुधारून गेलेलं मूल घरी जाऊन पुन्हा खंगतं, हा अनुभव सगळीकडचा होता. घरातल्या चुलीवर काय बदलतं, याकडे कासाने लक्ष वळवलं. आज अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, पोषण अभियानात अन्नप्राशन दिवसही साजरा होतो. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. भट्टीवर गेलेल्या बाळापर्यंत हे पोचतं का, हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावा लागतो.

लोहाकडे परत येतो. पालक, मेथी, डाळी, नाचणी यांतलं लोह शरीर सहज उचलत नाही. सोबत लिंबाचे चार थेंब, आवळा, पेरूचा गर असं क जीवनसत्त्व असलं की ते बरं उचलतं. चहा नेमका उलट काम करतो, त्यामुळे चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट हा बाळाच्या खाण्यातला सर्वांत वाईट घास, असं मी बेधडक म्हणेन: साखर, मैदा आणि वर लोह अडवणारा चहा. मांसमच्छीतलं लोह मात्र सहज शोषलं जातं. त्या बाबतीत या पट्ट्यातली आगरी-कोळी घरं भाग्याची. काटे बोटांनी नीट चाचपून काढलेला, बिनतिखटाचा सुरमईचा किंवा पापलेटचा तुकडा मऊ भातात कुस्करून सहाव्या-सातव्या महिन्यातही चालतो. सुकट-सोड्यात मीठ फार, ते नको. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर पिवळ्यासकट पूर्ण अंडं द्यावं. तेही चालत नसेल तर दही-ताक रोज हवं, आणि ब-१२ जीवनसत्त्वाबद्दल आईने स्वतःसाठीही डॉक्टरांना विचारावं, कारण तिच्यात ते कमी असलं तर दुधातही कमी उतरतं. या सगळ्याच्या जोडीला सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचं पातळ औषध दिलं जातं. आशाताई ते देतात. सोसायटीच्या गेटवर त्यांना अडवू नका.

दुधाचा अतिरेक ही याच्याच पाठची भानगड. वर्षाच्या आत पिशवीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, असं आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. वर्षानंतर ते दिवसाला चार-पाचशे मिलिलिटरपर्यंत ठेवावं. दीड वर्षाचं गुबगुबीत मूल, बाटलीतून रोज लिटरभर दूध पिणारं, "जेवतच नाही हो" अशी तक्रार आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन तळाला: हे दृश्य डोंबिवलीतल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला नवं नाही.

मीठ आणि साखर पहिलं वर्ष बाहेर ठेवावी. बाळाला ते अळणी लागत नाही. अळणी आपल्याला लागतं. मध वर्षाच्या आत अजिबात नको, चाटणापुरताही नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाला बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. बाळगुटीही सहा महिन्यांआधी देऊ नका असंच डॉक्टर सांगतात; सहाणेवर उगाळलेल्या बदामाचा वेढा बाळाला पोसायला पुरत नाही आणि सहाण कधी निर्जंतुक नसते. पाकिटातल्या तयार आहाराबद्दल एवढंच: १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करायला बंदी आहे. तरी तो ओळखीतून घरात येतो. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती, आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये नव्हती. गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने भारतात साखरविरहित प्रकार आणायचं जाहीर केलं. पाकीट घ्यायचंच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा.

शेंगदाण्याच्या बाबतीत उलट झालं आहे. अ‍ॅलर्जीच्या भीतीने तो वर्ष-दोन वर्षं टाळा, असं पूर्वी पाश्चात्त्य डॉक्टर सांगत. २०१५ मध्ये लंडनमध्ये डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ही बाळं आधीच इसब किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीची होती. ज्यांना शेंगदाणा लवकर आणि नेमाने दिला त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आपल्या स्वयंपाकघरातलं दाण्याचं बारीक कूट खिमटात कालवून सहाव्या-सातव्या महिन्यात देता येतं. अंगभर तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा शेंगदाणा, चणा, द्राक्ष, लाही हे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत धोक्याचं, कारण ते श्वासनळीत अडकतात. ओकारीचा उमाळा आला तर बाळ खोकतं, लाल होतं, आवाज करतं. तेव्हा धीर धरावा. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले तर ते गुदमरणं. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांमध्ये तळव्याने पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आळीपाळीने. हे आजीलाही आणि पाळणाघरातल्या काकूंनाही शिकवून ठेवावं.

मिक्सरचा मोह आवरावा. ब्रिस्टलच्या परिसरातल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत दहाव्या महिन्यानंतर गुठळ्यांचं खाणं सुरू केलेल्या मुलांत पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. म्हणून सातव्यापासून मिक्सरऐवजी हाताने किंवा काट्याने कुस्करायचं, आठव्या-नवव्यात बोटात धरता येईल असा उकडलेल्या गाजराचा, इडलीचा, मऊ पोळीचा तुकडा हातात द्यायचा. निम्मं जमिनीवर पडेल. दुसऱ्या दिवशी शीमध्ये गाजराचे लाल कण जसेच्या तसे दिसतील आणि "पचलंच नाही" म्हणून घरात चर्चा होईल. पण ते या वयात नेहमीचंच. नवी चव पहिल्यांदा थुंकली म्हणजे नावडली असं नसतं. आठ-दहा वेळा समोर आल्यावर कित्येक मुलं ती स्वीकारतात, आणि आपण तिसऱ्या वेळी हार मानतो.

मोबाइल दाखवून भरवलेलं खाणं पोटात जातं हे खरं, पण भूक लागणं आणि भागणं हे कळायला बाळाला आपल्या तोंडाकडे लक्ष द्यावं लागतं आणि तिथे पडद्याची सोबत आड येते. काऊ-चिऊचे घास त्यापेक्षा बरे, कारण त्यात समोर माणूस असतो. तोंड फिरवलं की थांबावं. पोट भरलं हे बाळाला आपल्याहून चांगलं कळतं.

जुलाब लागले तर खाणं बंद करायचं, ही जुनी समजूत डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढली आहे. अंगावर पाजणं वाढवायचं, ओआरएस घोट-घोट द्यायचं, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस, आणि भूक परतली की आठ-पंधरा दिवस एक जादा जेवण. हगवण थांबावी म्हणून दिलेलं नुसतं तांदळाचं पाणी किंवा साबुदाण्याची पातळ खीर बाळाला आणखी खंगवते.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई या रुग्णालयांत किंवा कुठल्याही दवाखान्यात जाल तेव्हा अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो. त्याच भेटीत माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा ठिपका टाकून घ्या, आधीच्या ठिपक्यांना जोडा आणि रेघ वर चालली आहे का ते स्वतः बघा. या तक्त्यामागच्या जागतिक मापदंडांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिकेच्या बरोबरीने दिल्लीची मुलंही मोजलेली आहेत, त्यामुळे "आपली मुलं बारीकच असतात" हे चालणार नाही. दोन महिने रेघ आडवी पडली असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी स्वतःला हे विचारा की बाळाच्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती.